जातिवंत घोड्याची उडी

पावसाळा सुरू झाला म्हणजे पुण्याच्या लष्कर भागांत पहांटेच्या वेळीं एक निराळीच हालचाल दिसूं लागते. एम्प्रेस बागेच्या शेजारीं पसरलेल्या शर्यतीच्या मैदानावर उंच, सडपातळ घोडे मोतद्दारांच्या हातीं संथपणें चालत येतात. थोड्या वेळानें हलक्या अंगाचे स्वार पाठीवर चढतात आणि ओल्या हिरवळीवरून टापांचा आवाज घुमूं लागतो. हें मैदान १८३० सालीं लष्करानें तयार केलें. जुलैपासून पावसाळाभर येथें शर्यती चालतात व हिंवाळा लागला कीं तेच घोडे मुंबईस महालक्ष्मीच्या मैदानावर जातात. शर्यतीकडे ढुंकूनही न पाहणाऱ्या पुणेंकरासही हा घोडा दुरून ओळखूं येतो.

परंतु याच ठिकाणीं आणखी एक गोष्ट आहे, ती फारच थोड्यांस ठाऊक असते. भारतांत जन्मणाऱ्या प्रत्येक थरोब्रेड शिंगराची वंशावळ ठेवणारी कचेरी रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लबच्या व्यवस्थेखालीं पुण्यांतच आहे. शिंगरूं पंजाबांत जन्मलेलें असो कीं कर्नाटकांत, त्याचा रंग, अंगावरील खुणा, आई व बाप या वहींत नोंदल्यावांचून त्याला शर्यतीच्या मैदानावर पाऊल टाकतां येत नाहीं. नुसत्या मालकाच्या शब्दावर आतां भागत नाहीं. जनुकांची परीक्षा होते आणि सांगितलेले आईबाप खरे आहेत कीं नाहींत हें तींत ठरतें. नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत आपल्या घराण्याचीं नांवें शोधणाऱ्या माणसास वंशावळीचें अप्रूप नवें नाहीं. पण त्या वह्यांतही इतका कडक पुरावा मागितला जात नाहीं.

ही वही घोड्याविषयीं काय सांगते आणि काय सांगत नाहीं, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे. तो केवळ हौशी लोकांचा नाहीं. दर हंगामाच्या शेवटीं जे घोडे शर्यतीस निरुपयोगी ठरतात, त्यांचें पुढें काय होणार, हें बऱ्याच अंशीं या प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून असतें.

प्रथम या जातीचा इतिहास पाहूं. सतराव्या शतकाच्या अखेरीस व अठराव्याच्या आरंभीं इंग्लंडांतील हौशी जमीनदारांनीं पूर्वेकडून उमदे नर घोडे आणविले. त्यांपैकीं तिघांचा पुरुषवंश आजवर टिकला: बायर्ली टर्क, डार्ली अरेबियन आणि गोडॉल्फिन अरेबियन. यांतला दुसरा टॉमस डार्ली या गृहस्थानें हलब शहरीं विकत घेऊन १७०४ सालीं यॉर्कशायरमधील आपल्या घरीं पाठविला. त्याचा खापरपणतू १७६४ सालच्या सूर्यग्रहणाच्या वेळीं जन्मला, म्हणून त्याचें नांव एक्लिप्स म्हणजे ग्रहण असेंच पडलें. तो १८ शर्यती धांवला व एकही हरला नाहीं. आज जगांतील शंभर थरोब्रेड नरांची पितृपरंपरा मागें मागें नेली, तर सुमारें ९५ जणांची डार्ली अरेबियनपाशीं येऊन थांबते. १७९१ सालीं वेदर्बी यांनीं या घोड्यांच्या वंशावळीचें पुस्तक प्रथम छापलें. पुढें हा ग्रंथ इतका कडेकोट झाला कीं, ज्याचे आई आणि बाप दोघेही पुस्तकांत आहेत, त्यासच पुस्तकांत जागा मिळूं लागली. कृत्रिम रेतनास या जातींत अजूनही मनाई आहे.

अशा रीतीनें सुमारें तीनशें वर्षें एका बंद घराण्यांत दर पिढीला एकच परीक्षा घेतली गेली: ठराविक अंतर सर्वांच्या आधीं कोण कापतो? जो कापील त्याचा वंश वाढवावा, जो मागें राहील त्याचा वाढवूं नये. खोल छाती, लांब पाय, पातळ कातडी, मोठें हृदय आणि ताशीं साठ किलोमीटरांच्या पुढें जाणारा वेग, हें या निवडीचें फळ होय. २०१० सालीं डब्लिन येथील संशोधकांनीं असें दाखविलें कीं, स्नायूंच्या वाढीवर ताबा ठेवणाऱ्या एका जनुकाच्या भेदावरून थरोब्रेड घोडा थोड्या अंतरावर अधिक चमकेल कीं लांब पल्ल्यावर, याचा बराच अंदाज करतां येतो. वेगाच्या बाबतींत रक्ताला महत्त्व आहे, हें नाकारण्यांत अर्थ नाहीं.

आपल्याकडे ‘जातिवंत’ हा शब्द मात्र निराळ्या वाटेनें आला. शालिहोत्राच्या नांवावर चालत आलेल्या अश्वशास्त्रांत घोड्याचा रंग, भोंवरे, चाल आणि आवाज पाहून परीक्षा सांगितलेली असते. चारी पाय व तोंड पांढरें असलेला पंचकल्याणी शुभ, अमक्या जागीं भोंवरा असलेला घोडा धन्यास बाधक, अशा समजुती खेड्यापाड्यांतून अजून ऐकूं येतात. मराठ्यांच्या स्वाऱ्यांचा भार ज्यानें वाहिला तें भीमेच्या खोऱ्यांतील भीमथडी तट्टू ठेंगणें, काटक आणि थोड्या दाण्यावर दिवस काढणारें. त्याची वंशावळ कोणीं लिहिली नाहीं. लांबच्या मजला आणि डोंगरवाटा हीच त्याची परीक्षा होती. अलीकडच्या कांहीं वर्षांत भीमथडीस स्वतंत्र जात म्हणून सरकारी मान्यता मिळाली आहे. म्हणजे जातिवंतपणा ओळखण्याच्या तीन रीती आपल्यासमोर आहेत: अंगावरील खुणा पाहणें, वंशावळ पाहणें आणि काम पाहणें. पहिली आतां मागें पडली. दुसरी आणि तिसरी यांचा मेळ नेहमीं बसतोच असें नाहीं, आणि शर्यतीच्या घोड्याचें दैव नेमकें तेथेंच अडतें.

थरोब्रेड घोडा दोन-तीन वर्षांचा होतांच धांवूं लागतो. देशांतील सर्वांत मानाची शर्यत म्हणजे मुंबईची इंडियन डर्बी. ती चार वर्षांच्या घोड्यांची असते. १९४३ सालीं ती पहिल्यानें झाली, तेव्हां बडोद्याच्या गायकवाड महाराजांच्या प्रिन्सेस ब्यूटिफुल या घोडीनें ती जिंकली. अशा मोठ्या शर्यती जिंकणाऱ्यांस पुढें वंशवृद्धीसाठीं सन्मानानें ठेवतात. परंतु प्रत्येक शर्यतींत जिंकणारा एक आणि हरणारे दहा-बारा, हा हिशेब कोणासही टळत नाहीं. कोणी मुळांतच सावकाश असतो, कोणाच्या पायाची शीर दुखावते, कोणास गर्दींत धांवण्याची भीति बसते. बहुतेकांची कारकीर्द आयुष्याच्या पहिल्या आठ वर्षांतच आटोपते. घोड्याचें आयुष्य मात्र पंचवीस वर्षांपर्यंत जातें. जिंको वा हरो, त्याला रोज चंदी-चारा लागतो, खुरांना नालबंद लागतो, आणि मोतद्दाराचा पगार तर ठरलेलाच. हरलेल्या घोड्यावर हा खर्च कोणीं आणि किती दिवस करावा, असा प्रश्न दर मालकापुढें उभा राहतो.

यांतील एक वाट पुण्यास चांगली परिचयाची आहे. कांहीं घोडे लस व औषधांच्या कामीं दिले जातात. परळच्या हाफकिन संस्थेंत घोड्यांच्या रक्तापासून धनुर्वातावरील व सर्पविषावरील औषध तयार होत असे. घोड्यास विषाची अगदीं थोडी मात्रा क्रमाक्रमानें टोंचली म्हणजे त्याच्या रक्तांत त्या विषाचा प्रतिकार करणारीं द्रव्यें तयार होतात. रक्तांतील तो अंश वेगळा काढून औषध बनवितात. नाग, मण्यार, घोणस व फुरसें यांच्या दंशावर शेतकऱ्याचा जीव वांचविणारें औषध आजही याच मार्गानें येतें. पुण्याजवळ घोड्यांची पैदास करणाऱ्या पूनावाला कुटुंबांतील सायरस पूनावाला यांस आपल्याकडील निवृत्त घोडे हाफकिनला जातात, यावरूनच स्वतंत्र कारखान्याची कल्पना सुचली, आणि १९६६ सालीं हडपसरला सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली. वंशावळीच्या वहींतलें रक्त येथें निराळ्याच अर्थानें उपयोगी पडलें.

दुसरी वाट अडथळ्यांवरील उड्यांच्या खेळाची. या खेळांत मैदानावर दहा-बारा अडथळे मांडलेले असतात. रंगीत दांडे, भिंती आणि पाण्याचे चर ठरलेल्या क्रमानें व ठरलेल्या वेळांत ओलांडावयाचे असतात. दांडा पडला तर चार दोषगुण; घोडा अडथळ्यापुढें अडून बसला तरीही चार; दुसऱ्यांदां अडला कीं बहुतेक स्पर्धांत तो बादच होतो. येथें सर्वांत वेगवान घोड्याचें विशेष कौतुक नाहीं. एकही दांडा न पाडतां जो फेरी पुरी करतो, तो खरा.

याच खेळांत शर्यतींत हरलेल्या घोड्यांनीं जी कामगिरी केली, ती थक्क करणारी आहे. चिली देशांत १९३३ सालीं जन्मलेला फेथफुल नांवाचा एक थरोब्रेड शर्यतींत कांहीं चमकला नाहीं. तो लष्कराकडे गेला आणि त्याचें नांव हुआसो पडलें. कॅप्टन आल्बेर्तो लार्रागिबेल यांनीं त्याच्यावर धीरानें मेहनत घेतली. ५ फेब्रुवारी १९४९ रोजीं विन्या देल मार या गांवीं उंच उडीचा प्रयत्न ठरला. दोन प्रयत्न फुकट गेले. तिसऱ्या वेळीं हुआसोनें २ मीटर ४७ सेंटिमीटरांचा अडथळा ओलांडला. ही उंची म्हणजे उंच माणसानें हात वर करून उभें राहिल्यावर त्याचीं बोटें पोहोंचतात तेवढी. तेव्हां घोड्याचें वय सुमारें सोळा वर्षांचें होतें. आज पंचाहत्तरांहून अधिक वर्षें लोटलीं, तरी तो विक्रम मोडलेला नाहीं.

पुढें १९६८ सालीं मेक्सिकोच्या ऑलिंपिकमध्यें अमेरिकेच्या विल्यम स्टाइनक्राउस यांनीं स्नोबाउंड या घोड्यावर उड्यांचें वैयक्तिक सुवर्णपदक मिळविलें. हा घोडाही शर्यतीच्या मैदानावरून आलेला थरोब्रेडच होता. १९८४ सालीं लॉस एंजलिस येथें जो फार्गिस यांच्या टच ऑफ क्लास या लहानखुऱ्या घोडीनें वैयक्तिक व सांघिक अशीं दोन सुवर्णपदकें जिंकलीं. त्या ऑलिंपिकमध्यें तिनें ९१ उड्या घेतल्या आणि ९० निर्दोष ठरल्या. तीही थरोब्रेड; शर्यतींत तिला यश आलें नव्हतें.

असें कां व्हावें? वेगाची परीक्षा आणि उडीची परीक्षा शरीराच्या निरनिराळ्या गुणांची आहे. शर्यतीचा घोडा मान पुढें ताणून, भार पुढच्या पायांवर टाकून, लांब व सखल ढांगा टाकतो. उडी मारणाऱ्याला भार मागच्या पायांवर घेऊन ढांग आंखूड करावी लागते, उडण्याची जागा अचूक साधावी लागते, हवेंत पाठीची कमान करावी लागते आणि पुढचे पाय छातीशीं घट्ट दुमडावे लागतात. याशिवाय एक गुण असा आहे कीं जो शिकवितां येत नाहीं: दांड्याला पाय लागूं नये, अशी घोड्याची स्वतःची काळजी. हे गुण थरोब्रेड घोड्यांत मुळींच नसतात असें नाहीं. मात्र तीनशें वर्षें त्यांची परीक्षा कोणीं घेतली नाहीं, म्हणून वहीवरून ते ओळखतां येत नाहींत. एका घोड्यांत असतील, त्याच्या सख्ख्या भावांत नसतील.

आणि असले तरी ते आपोआप बाहेर येत नाहींत. मैदानावरून आलेल्या घोड्यास प्रथम कांहीं महिने विसांवा द्यावा लागतो. अंगांत तेजी आणणारी चंदी कमी करावयाची आणि चाऱ्यावर भर द्यावयाचा. लगाम ताणला कीं पळावयाचें, ही शर्यतीची संवय मोडून लगामाच्या हलक्या इशाऱ्यानें थांबण्यास शिकवावयाचें. मग लांब दोरीवर वर्तुळांत दुडकी चाल, त्यानंतर जमिनीवर आडवे ठेवलेले दांडे, त्यानंतर वीतभर उंचीची उडी. धांदल केली तर घोडा बुजतो आणि बुजलेला घोडा सुधारावयास दुप्पट वेळ लागतो. या कामास वर्ष-दीड वर्ष सहज लागतें. शर्यतीच्या मैदानावर दोन मिनिटांत निकाल पाहण्याची संवय झालेल्या मालकास हा धीर क्वचितच असतो.

युरोपांतील पैदासकारांनीं यावर वेगळा तोडगा काढला. त्यांनीं शेतीच्या व गाडीच्या कामाच्या धिम्या घोडींशीं निवडक थरोब्रेड नरांचा संकर केला आणि संततीची परीक्षा थेट उडीवर घेतली. फ्रान्समधील फ्युरिओसो हा असाच एक थरोब्रेड. त्याचा मुलगा ल्युतर याच्यावर बसून दोरिओला यांनीं १९६४ सालीं टोकियोंत सुवर्णपदक जिंकलें. १९६१ सालीं इंग्लंडांत जन्मलेल्या लेडीकिलरनें जर्मनीच्या होल्स्टाइन प्रांतांतील घोड्यांचा वंशच पालटून टाकला. तेथेंच गाजलेला कोर द ला ब्रियेर हाही रांत्साउ या थरोब्रेडचा मुलगा. जर्मन वंशावळींत थरोब्रेडच्या नांवापुढें दोन फुल्यांची खूण असते. मोठमोठ्या उडीबहाद्दरांच्या वंशवृक्षांत ही खूण कोठें ना कोठें सांपडतेच. दुधाला विरजण लागतें तसें त्या घोड्यांना हें रक्त लागलें. चपळाई व दमदारपणा त्यानें आला, आणि शांत स्वभाव व मागच्या पायांचें बळ दुसऱ्या बाजूनें आलें. आज ऑलिंपिकच्या उड्यांत दिसतात ते बहुतेक असे मिश्र रक्ताचे घोडे. शुद्ध थरोब्रेड तेथें आतां विरळा.

भारताची या खेळांतील वाटचाल पाहिली तरी हाच फरक दिसतो. १९८२ च्या दिल्लीच्या आशियाई खेळांत ६१ व्या कॅव्हलरीचे रघुबीरसिंग यांनीं शाहजादा या घोड्यावर त्रिविध स्पर्धेचें वैयक्तिक सुवर्ण मिळविलें. संघासही सुवर्ण मिळालें. मुंबईचे इम्तियाज अनीस २००० सालीं सिडनीच्या ऑलिंपिकमध्यें उतरले. फवाद मिर्झा यांनीं २०१८ सालीं आशियाई खेळांत दोन रौप्यपदकें मिळविलीं व २०२१ सालीं टोकियोंत ते तेविसावे आले. त्यांचा सेन्यर मेडिकॉट हा जर्मनींत तयार झालेला घोडा. २०२३ सालीं हांगझोऊ येथें घोड्याच्या शिस्तबद्ध चालींच्या सांघिक स्पर्धेंत भारतानें सुवर्ण जिंकलें, त्या संघांत मुंबईचे हृदय छेडा होते. हें यश अभिमानास्पद आहे. परंतु युरोपांत घोडा घेऊन तेथेंच वर्षानुवर्षें राहण्याचा खर्च किती घरांस झेपेल? खडकवासल्याच्या प्रबोधिनींत छात्रांस घोड्यावर बसण्याचें शिक्षण मिळतें. मुंबईस महालक्ष्मीच्या मैदानावर १९४२ पासून हौशी स्वारांची संस्था आहे. याबाहेरच्या सामान्य मुलामुलीस हातीं लागण्यासारखा घोडा म्हटला, तर तो शर्यतींतून निवृत्त झालेलाच. घोड्यास दुसरें आयुष्य मिळतें आणि मुलास पहिला घोडा मिळतो. या दोन गरजा एकमेकींस भेटल्या पाहिजेत. आणि त्यासाठीं घोडा लंगडा वा म्हातारा होण्याची वाट न पाहतां, तो धडधाकट असतांनाच त्याची उडी पारखणारा जाणता शिक्षक मध्यें असला पाहिजे.

येथें आणखी एका गोष्टीचा उल्लेख करणें अवश्य आहे. ‘घोड्याचें रक्त पाहतात, मग माणसाचें कां पाहूं नये?’ असा युक्तिवाद सुशिक्षित घरांतूनही कधींकधीं ऐकूं येतो. घोड्यांचाच दाखला द्यावयाचा तर तो पुरा द्यावा. तीनशें वर्षें दोन्ही बाजूंचें रक्त तपासून, एकच एक गुण डोळ्यांपुढें ठेवून निवड केली, तरी दर शर्यतींत दहा-बारा घोडे मागें राहतातच. ज्यांस मागासलेले म्हणून काढून टाकलें, त्यांतलाच एखादा दुसऱ्या मैदानावर जगांत पहिला येतो. वंशावळ घोडा कोठून आला तें सांगते. तो कोठवर जाईल, हें त्याला काय शिकविलें आणि कोणत्या धीरानें शिकविलें यावर ठरतें. माणसाच्या मुलाची तर कोणीं अशी एका गुणासाठीं पैदास केलेली नाहीं. त्याच्याविषयीं जन्मावरून निकाल देणें अधिकच धाडसाचें होय.

पुण्याच्या मैदानावर या पावसाळ्यांतही शर्यती होतील. जिंकलेल्या घोड्याभोंवतीं गर्दी जमेल, त्याच्या आईबापांचीं नांवें वर्तमानपत्रांत येतील. सर्वांच्या मागून आलेला घोडा चिखलानें माखून, मान खालीं घालून तबेल्याकडे परतेल. वहींत त्याच्या नांवापुढें यशाची नोंद होणार नाहीं. त्याच्यापुढें जमिनीवर एक दांडा ठेवून पाहण्याइतकी सवड कोणा जाणत्यास झाली, तर मात्र त्याची कथा तेथून सुरू होऊं शकेल.